यंत्र नवे, हत्यार जुने



मोहाडी तालुक्यातील आंधळगावात आमचे येणे-जाणे असते. तेथील एका बौद्ध घरची गोष्ट आज सांगतो. बाप मजुरीने कोशाच्या मागावर बसतो, आई रोवणी-कापणीला जाते. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम शिकते. आईने बचत गटातून पैसे उचलून तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला. त्यावर ती ‘टर्बो सी’च्या निळ्या पडद्यावर सी भाषेतले प्रोग्राम लिहीत असे. कॉलेजात हेच शिकवत होते.

लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून तिने तो दुकानात दिला. दुकानदाराने जुने विंडोज ७ काढून विंडोज १० टाकून दिले. घरी येऊन पाहते तो टर्बो सी उघडेचना! ‘हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश तेवढा दिसे. दुकानदार म्हणाला, मशीन जुनी झाली, नवी घ्या. प्रात्यक्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. मुलगी रडवेली होऊन आम्हाला म्हणाली, “काका, मीच कायतरी चुकीचं दाबलं असन.” बाप नव्या कर्जाच्या विचारात पडला.

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून, प्रोग्रामिंग हा काही आमचा विषय नव्हे. परंतु चूक कोणाची हे कळल्याशिवाय दंड भरू नये, एवढे समाजकार्याने आम्हाला शिकविले आहे. नागपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेल्या आपल्या एका तरुणाला आम्ही फोन लावला. त्याने जे समजावून सांगितले ते प्रत्येक पालकाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविली. ती आजही जगभर वापरात आहे. टर्बो सी ही भाषा नव्हे. त्या भाषेत लिहिलेले यंत्राला समजेल असे करून देणारे ते एक हत्यार आहे. बोरलँड नावाच्या अमेरिकन कंपनीने ते १९८७ साली काढले आणि टर्बो सी प्लस प्लस १९९० साली. तो डॉसचा जमाना होता. तेव्हाचे हे प्रोग्राम १६ बिटचे. पुढे ३२ बिटचे विंडोज आले, त्यात जुन्या १६ बिटच्या प्रोग्रामसाठी जागा ठेवलेली होती. ६४ बिटच्या विंडोजमधून मात्र ती सोय काढून टाकली गेली. मुलीच्या लॅपटॉपवर आधी ३२ बिटचे विंडोज होते, दुकानदाराने ६४ बिटचे टाकले. सारा घोटाळा एवढाच! अरुंद मागाची फणी रुंद मागावर बसत नाही, म्हणून माग मोडका ठरत नाही आणि विणकरही अडाणी ठरत नाही.

मग विंडोज बदललेच कशाला? तर विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. विंडोज १० चेही तेच झाले, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. म्हणजे बदल टळत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळते. तेव्हा हा प्रश्न अनेक घरांत येणार.

उपाय दोन निघाले, आणि दोन्ही फुकटचे. पहिला ‘डॉसबॉक्स’. हा प्रोग्राम नव्या मशीनच्या पोटात जुना डॉसचा कॉम्प्युटर उभा करतो. त्यात टर्बो सी पुन्हा चालू झाले आणि परीक्षेपुरते काम भागले. दुसरा उपाय म्हणजे ‘जीसीसी’ हा कम्पायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला आणि आजतागायत तो सुधारत आला आहे. नोकरीच्या ठिकाणी अशीच हत्यारे लागतात.

नव्या कम्पायलरवर मुलीचे जुने प्रोग्राम सुरुवातीला अडले. ‘व्हॉइड मेन’च्या जागी ‘इंट मेन’ लिहावे लागले. पडदा पुसण्याची टर्बो सीची आज्ञा नव्याला ठाऊक नव्हती, ती काढावी लागली. अशा चार-दोन ओळी बदलताच बाकीचा प्रोग्राम जसाच्या तसा चालला. मुलीचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. तिचे शिकणे वाया गेले नव्हते!

तथागतांनी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. नदी पार करायला तराफा हवा, पण पलीकडे गेल्यावर तो डोक्यावर घेऊन हिंडणारा शहाणा नव्हे. प्रत्यक्ष धम्माच्या शिकवणीबद्दल तथागत असे म्हणतात, तर टर्बो सीची काय कथा! तर्क, गणित, एकेक पायरी मांडून विचार करणे ही खरी विद्या. ती ज्याच्या डोक्यात बसली त्याला नवे हत्यार आठवड्यात हाताळता येते.

पालकांना आमची विनंती आहे. मशीन दुकानात देण्यापूर्वी मुलांचे लिखाण पेन ड्राइव्हवर काढून घ्या. विंडोज ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे विचारा. अडचण आली तर पडद्यावरचा संदेश अक्षरशः लिहून घ्या आणि जाणकाराला दाखवा. त्याआधी नव्या मशीनसाठी कर्ज काढू नका.

नोकरीला लागलेल्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि संघटित व्हायलाही सांगितले. तुम्ही शिकलात. आता महिन्यातून एका रविवारी आपल्या गावच्या विहारात तासभर बसा आणि मुलांच्या अडचणी ऐका. आंधळगावची ती मुलगी एका फोनमुळे सावरली. ज्या घराला असा फोन लावायला कोणी नाही, त्या घरची मुलगी ‘मीच चुकले’ म्हणत शिक्षण सोडून देईल. ते होऊ देऊ नका.