विंचू चावतो पायाला, घाव बसतो हृदयावर

आपल्या बीड जिल्ह्यात विंचू चावला की अनेक घरांत अजूनही आधी विष उतरवणारा शोधतात आणि मग दवाखाना. माझे स्पष्ट मत आहे की ही पहिली पायरीच बंद व्हायला हवी.

हृदयाच्या स्नायूंवर बीटा रिसेप्टर असतात. त्यांना कुलपे समजा. ॲड्रिनॅलिन ही त्यांची किल्ली. किल्ली लागली की स्नायूत जास्त कॅल्शियम शिरते आणि हृदय जोराने आकुंचन पावते. रक्तवाहिन्यांवर अल्फा रिसेप्टर असतात. ते उघडले की वाहिन्या आवळतात.

लाल विंचवाच्या विषाने अशा किल्ल्यांचा शरीरात पूर येतो. हृदय जीव तोडून पंप करते, पण पुढची वाट आवळलेली! शेवटी हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साठते.

आपल्या मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड परिसरात असे रुग्ण वर्षानुवर्षे अभ्यासले. अल्फा रिसेप्टर बंद करणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरात आणली. गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण पूर्वी २५ ते ३० टक्के होते, ते सुमारे १ टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. वेदना कमी झाली म्हणजे विष उतरले असे नाही. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, धाप ही धोक्याची लक्षणे आहेत. लहान मुलांत तर एक मिनिटही दवडू नका. घरात कुणाची बीपीची ॲटेनोलॉलसारखी गोळी असेल तर ती देऊ नका. ती बीटा रिसेप्टर अडवते, पण आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि हृदयाची उरलीसुरली ताकद जाते. प्राझोसिनही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, रुग्णाला झोपवून द्यायची असते, कारण उभे राहिल्यास रक्तदाब एकदम घसरू शकतो.

शासनाकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्याकडची हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, पाचटात हात घालतात, कोपीत जमिनीवर झोपतात. कारखान्यांच्या परिसरातील प्रत्येक आरोग्य केंद्रात ही गोळी आणि ती देणारा प्रशिक्षित माणूस, दोन्ही रात्रीसुद्धा हजर हवेत. उपाय आपल्याच मातीतल्या डॉक्टरने शोधलाय. तो वेळेत पोहोचवणे एवढेच आपल्या हाती आहे.