कॉलेजची नोटीस व्हॉट्सॲपवर आली. पण ती सगळ्यांना वाचता आली का?

परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं, अंतर्गत परीक्षेचं वेळापत्रक. हे सगळं आता नोटीस बोर्डाच्या आधी मोबाईलवर येतं. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव किंवा मलकापूरच्या कॉलेजात आसपासच्या गावांतून एसटीने येणाऱ्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. फक्त नोटीस बघायला तालुक्याला जावं लागत नाही.

पण ही नोटीस येते कशी? अनेकदा कागदावर प्रिंट काढून, त्यावर सही-शिक्का मारून, मोबाईलने फोटो काढून ग्रुपवर टाकली जाते. बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यापर्यंत मात्र ती पोहोचलेलीच नसते.

असं का होतं?

दृष्टिहीन विद्यार्थी मोबाईल आणि कॉम्प्युटर वापरतात ते स्क्रीन रीडरच्या मदतीने, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आधीपासूनच असतं. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' मोफत मिळतं. दोन्हींवर मराठी ऐकता येतं.

अट एकच: समोर अक्षरं हवीत, अक्षरांचं चित्र नको. फोटो आला की स्क्रीन रीडर 'फोटो' एवढंच सांगतो. स्कॅन केलेली पीडीएफही खरं तर फोटोच असते. फोटोतला मजकूर ओळखणारी सोय आता काही फोनमध्ये आली आहे. पण तिरका फोटो, मजकुरावर आलेला शिक्का किंवा वेळापत्रकाचा तक्ता असेल, तर ती चुका करते. आणि परीक्षेच्या तारखेत एका आकड्याची चूक झाली, तर पेपर बुडू शकतो.

मराठीची वेगळी अडचण कोणती?

अडचण फॉन्टची आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो. पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आतली चिन्हं वाचतो. ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक आवाज पडतात.

युनिकोडमध्ये टाईप केलं की हा प्रश्न मिटतो. फायदा सगळ्यांनाच होतो: मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो आणि कोणत्याही फोनवर नीट दिसतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी कलम ४२ ने सरकारवर टाकली. २०१७ च्या नियमांतल्या १५ व्या नियमाने आणखी स्पष्ट केलं: वेबसाईटवर टाकायचे दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात हवेत. ओसीआर म्हणजे चित्रातल्या अक्षरांचं खऱ्या मजकुरात रूपांतर. हा नियम 'प्रत्येक आस्थापने'साठी होता. त्यात खासगी संस्थाही येतात.

तरीही तो कागदावर राहिला. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचं कारण सांगितलं: कायदा सक्ती करतो, पण नियम शिफारशींसारखे आहेत. त्यामुळे नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरला आणि सक्तीची किमान मानकं तीन महिन्यांत तयार करा, असा आदेश केंद्राला मिळाला. पुढे ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

कॉलेजांना हे नवीन आहे का?

नाही. नॅक मूल्यांकनात ७.१.७ हा निकष दिव्यांगस्नेही सोयींचा होता. त्यात रॅम्प आणि स्वच्छतागृहासोबत दिव्यांगांना वापरता येणारी वेबसाईट, स्क्रीन रीडर आणि वाचन साहित्याच्या सॉफ्ट कॉपीचाही उल्लेख होता. यूजीसीने २०२२ मध्ये सुगम्यतेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.

फरक इतकाच की रॅम्प दिसतो, त्याचा फोटो अहवालाला जोडता येतो. वाचता न येणारी पीडीएफ कुणाला दिसत नाही. प्रवेश मिळाला, रॅम्पवरून वर्गातही पोहोचलो, पण नोट्स वाचता येत नसतील, तर त्या ५ टक्के जागांचा अर्थ काय?

खर्च किती?

फारसा नाही. बदलायची आहे ती सवय.

• नोटिशीच्या फोटोखाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाईप करून पाठवा. तारीख, ठिकाण, कागदपत्रं अशा चार ओळीही पुरतात.
• वर्डमधून थेट पीडीएफ करा. प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करू नका.
• जुन्या नोट्स ओसीआर करून एकदा तपासून घ्या. गुगल ड्राइव्हवर मराठी ओसीआर मोफत होतं.
• व्हिडिओला कॅप्शन द्या किंवा सोबत लेखी मजकूर जोडा. कर्णबधिर विद्यार्थ्यांना त्याचाच आधार असतो.
• आकृती असेल तर तिच्यात काय आहे ते दोन वाक्यांत लिहा.

पुस्तक स्कॅन केलं तर कॉपीराईटचा भंग होत नाही का? २०१२ च्या दुरुस्तीनुसार, दिव्यांगांना वाचता यावं म्हणून नफा न घेता पुस्तकाचं रूपांतर करायला मुभा आहे. 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाईन ग्रंथालयात अशी पुस्तकं मिळतात.

विद्यार्थ्याने काय करावं?

आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा: कोणता मजकूर, कोणत्या स्वरूपात हवा. अर्जाची पोच घ्यावी. दाद मिळाली नाही, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि हे फक्त कॉलेजचं काम नाही. वर्गाच्या ग्रुपवर आलेल्या फोटोखाली तारीख टाईप करायला कुणाही विद्यार्थ्याला मिनिटभर लागतो. पुढची नोटीस येईल तेव्हा तेवढं करून बघा.