मुलीचा वाटा

इस्लामची इतर धर्मांशी तुलना करणारे बहुधा स्वधर्मातील उदात्त वचने आणि परधर्मीयांचा व्यवहार शेजारी ठेवतात. निकाल आधीच ठरलेला असतो. तुलना करावयाचीच, तर सर्वांना एकच माप लावले पाहिजे. मुलीचा वारसाहक्क हे असे माप आहे.

सातव्या शतकात कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढेच देऊ केले. तो कायदा १९५१ पासूनच रद्द झाल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मेरी रॉय यांच्या खटल्यात १९८६ मध्ये दिला.

म्हणून इस्लाम श्रेष्ठ ठरतो काय? निम्मा वाटा ही सातव्या शतकातील प्रगती होती. आज ती विषमताच होय. शिवाय १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमिनीचा वारसा वगळण्यात आला. धर्मनिष्ठा शेताच्या बांधापाशी थांबली! हिंदू घरांत कायदा समान झाला, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणे थांबलेले नाही.

धर्म निराळे, पण मालमत्ता पुरुषाच्या हाती राखण्याचा हितसंबंध एकच. धर्मांची प्रतवारी लावण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरचा सातबारा उघडून पाहावा. त्यावर बहिणीचे नाव आहे काय?