संपादकाविना संहिता?

पाठचिकित्सा शिकवताना मूळ प्रतीचा प्रश्न निघतोच. सच्चिदानंदबाबांच्या हातची ज्ञानेश्वरी आज उपलब्ध नाही, आपल्या हाती आहे ते नकलांच्या नकलांतून आलेले, असे सांगितले की विद्यार्थी थोडे हिरमुसतात. मग शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून केलेल्या शुद्धीकरणाची हकिगत सांगावी लागते. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या तासाला मागच्या बाकावरून उद्गार आला, "सर, त्या काळी ब्लॉकचेन असती तर नाथांचे कष्ट वाचले असते." वर्ग हसला. आम्ही दोघांनी मात्र तो उद्गार गांभीर्याने घ्यायचे ठरवले. आज जगभर हिरिरीने मांडला जाणारा एक सिद्धान्तच त्या मुलाने एका वाक्यात सांगितला होता.

महाजाल चालते ते करारांवर. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचा जाहीर संकेत म्हणजे प्रोटोकॉल. पत्रातील मायना, मजकूर आणि पाकिटावरचा पत्ता यांच्या संकेतासारखाच. ईमेलची ने-आण करणारा एसएमटीपी हा संकेत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून प्रसिद्ध केला. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी-आयपीवर आले. १९९३ साली सर्न या संस्थेने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. यांपैकी कशालाही मालक नाही. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र बिनबोभाट जाते, याचे आपल्याला आश्चर्यसुद्धा वाटत नाही. तेव्हा विकेंद्रीकरण हा ब्लॉकचेनचा शोध आहे, असे कोणी सांगू लागल्यास ते अर्धसत्य समजावे.

मग मालक आले कोठून? संकेत खुला राहिला, राहते घर तेवढे भाड्याचे झाले. गूगल टॉकने २००६ साली एक्सएमपीपी या खुल्या संकेतानुसार बाहेरच्या सर्व्हरांशी बोलणे सुरू केले, आणि २०१३ साली हँगआउट्स आणताना तीच वाट सोडून दिली. संकेत कोणी रद्द केला नव्हता. बहुसंख्य लोक ज्या वाड्यात राहत होते त्याचे दार आतून लावले गेले, इतकेच. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तेथल्या मराठी समूहांत रंगलेल्या वादांचेही बिऱ्हाड उठले. आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकाचे काही अंक एका फुकट संकेतस्थळावर होते. ती सेवा बंद होत असल्याची सूचना निवृत्त सहकाऱ्याच्या पत्त्यावर गेली आणि आम्हांला कळले तेव्हा उशीर झाला होता. त्या सेवेला बोल लावावा, तर आम्ही स्वतःजवळ एकही प्रत ठेवली नव्हती, हे आधी कबूल करावे लागते.

ब्लॉकचेनचे आकर्षण नेमके या दुखऱ्या जागी आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची संकल्पना मांडली गेली, तिच्या मुळाशी एक वही आहे. तिची नक्कल अनेकांजवळ असते. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा असतो. मागे कोठे एक काना जरी बदलला तरी पुढचे सारे ठसे जुळेनासे होतात. दोन पाने एकाच वेळी पुढे आली, तर ज्या साखळीमागे अधिक आकडेमोड झाली ती प्रमाण. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर पाठभेद जन्मतःच निकालात काढणारी ही योजना आहे. संपादक नको, परंपरा नको, विश्वासही नको.

हे खरे ठरले का? २०१६ सालच्या जून महिन्यात इथेरियम या साखळीवरील 'द डाओ' नामक सामाईक निधीच्या आज्ञावलीतील त्रुटी हेरून कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर वळवले. आज्ञावली हाच कायदा मानायचा, तर हा व्यवहार कायदेशीरच म्हणायला हवा होता. पण माणसे बसली, भांडली, आणि जुलैमध्ये बहुसंख्यांनी तो निधी परत मिळेल अशा रीतीने वहीचे नियमच बदलले. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी मूळ वही तशीच चालू ठेवली; ती इथेरियम क्लासिक. म्हणजे पाठभेद झाला, दोन संप्रदाय झाले आणि संपादक मंडळही दिसले! एकनाथांनी आपण संपादन केल्याचे उघड सांगितले होते. येथे संपादक नाहीत असे आधी सांगून मग संपादन झाले, आणि आमचा आक्षेप आहे तो याला.

दुसरी अडचण अधिक साधी आहे. वहीत दीर्घ मजकूर लिहिणे फार महाग पडते, म्हणून तेथे बहुधा ठसा किंवा पत्ता तेवढा नोंदवतात; कविता असते अन्यत्र, कोणाच्या तरी यंत्रावर. आयपीएफएससारख्या व्यवस्थेतही कोणीतरी ती प्रत जपून ठेवली तरच ती उरते. सिग्नलचे एक जनक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०२२ साली याच वर्मावर बोट ठेवले. त्यांनी साखळीवर नोंदवलेली डिजिटल कलाकृती एका बाजारस्थळाने काढून टाकताच त्यांच्या पाकिटातूनही दिसेनाशी झाली. नोंद अक्षय होती, पण पाकीट त्या बाजारालाच विचारून चित्र दाखवत होते. लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवायचा नसतो, आणि पुढेही कधी चालवायचा नसेल, हे त्यांचे निरीक्षण आम्हांला पटते. आम्हांला तरी कोठे चालवायचा आहे?

शिवाय लेखकाला आपले लिखाण फाडण्याचाही हक्क असतो. विसाव्या वर्षी लिहिलेली कविता चाळिसाव्या वर्षी अमिट स्वरूपात समोर उभी राहावी, ही कल्पना आम्हांपैकी एकाला तरी असह्य वाटते. (दुसऱ्याने विसाव्या वर्षी कविता केल्या नाहीत.)

नोंदींच्या कामी, म्हणजे मालकी, व्यवहार, अग्रक्रम सिद्ध करण्यासाठी, ही वही उपयोगी पडेलही. साहित्याच्या जतनासाठी मात्र आम्ही स्वतःचे डोमेन, युनिकोडमधला साधा मजकूर आणि अनेक हातांत पडलेल्या प्रती यांवरच भरवसा ठेवू. यंदाच्या भित्तिपत्रकाच्या आम्ही पाच प्रती केल्या : ग्रंथालयात एक, विभागात एक, तीन विद्यार्थ्यांच्या घरी. त्यांतल्या दोन प्रतींमध्ये एका कवितेची ओळ वेगळी निघाली. खरी कोणती म्हणून कवयित्रीला विचारले, तर ती म्हणाली, "मॅडम, दोन्ही राहू द्या ना."