बाहेरची भिंत आत येते तेव्हा

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात भेगाळते, ही गोष्ट शेतकऱ्यास सांगावी लागत नाही. विजय नगरात घराला जोडून खोली काढू पाहणाऱ्या गृहस्थास मात्र ती बहुधा सांगावीच लागते. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांतून वसलेल्या या वस्तीत कुटुंब वाढले की मोकळ्या अंगाला खोली निघते. नकाशा मंजूर होतो, फरशी पसंत होते, ठेकेदारास इसार पोचतो. परंतु जुनी भिंत नव्या भिंतीस जेथे भेटते त्या सांध्याची चौकशी कोणीच करीत नाही.

वस्तुतः सारा मामला तेथेच आहे. खोली जोडताच कालपर्यंतची बाहेरची भिंत खालच्या अंगाने घरातली होते, पण नव्या स्लॅबच्या वरचा तिचा भाग पूर्ववत पावसातच उभा असतो, आणि वर विटेने शोषलेले पाणी हलके हलके उतरून आषाढात पलंगामागच्या कोऱ्या रंगावर पोपडे धरते. (प्रस्तुत लेखक हे स्वानुभवाने लिहीत आहे.) तेव्हा त्या ठिकाणी वरून काढलेला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला मसाल्याचा उतार, पुरत नाही; पाणी अडवून बाहेर सोडणारा जलरोधक थर भिंतीच्या पोटातच घालावा लागतो. शिवाय नवा पाया काळ्या मातीत आपल्या चालीने बसतो, म्हणून नव्या विटा जुन्यांत गुंफण्यापेक्षा सांधा सरळ ठेवून लवचीक मसाल्याने भरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ऊन अडावे म्हणून कोणी पोकळ भिंतीची तजवीज करतो. कल्पना उत्तम, दोन पडद्यांत दोन इंचांची पोकळी राखली की बाहेरच्यात मुरलेले पाणी आतल्यास न शिवता खाली उतरते व तळच्या भोकांतून निघून जाते. परंतु पडदे बांधणाऱ्या तारेवर मसाल्याचा लिंबाएवढा गोळा पडून राहिला, तरी ओलीला आत यायला वाट मिळते. यास्तव पोकळीत फळी टांगून, दर टप्प्यास ती वर ओढून मसाला काढणे अगत्याचे आहे. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या उभ्या विटांच्या पोकळ बांधणीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, हे खरे. पण तीत आडव्या विटा दोन्ही अंगांना जोडतात, सबब तिला ओलीपासूनचे संरक्षण समजू नये.

गिलाव्यापूर्वी एक दिवस काम थांबवा, सांधा स्वतः पाहा, आणि तो पाहिल्यावाचून ठेकेदारास पुढचा हप्ता देऊ नका.