स्लाइड्स घरी ठेव

परवा शेजारचा मुलगा सल्ला विचारायला आला. पुण्यातली नोकरी सोडून कोल्हापुरात घरूनच सॉफ्टवेअरची फ्रीलान्स कामं घ्यायची, असा त्याचा बेत आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांशी त्याची पहिलीच भेट उद्या सोमवारी आहे. तयारी जय्यत! लॅपटॉपवर चाळीस रंगीत स्लाइड्स, कडक इस्त्रीचा शर्ट. आईनं हातावर दही ठेवायचं तेवढं बाकी. मी म्हटलं, "स्लाइड्स घरी ठेव. हीट म्हणजे काय ते सांग." तो गप्प.

त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. वीस वर्षांपूर्वी मीही असाच एका फाउंड्रीत गेलो होतो. मालकांनी अर्धा तास सगळं शांतपणे पाहिलं, चहा पाजला आणि एकच विचारलं, "ह्यात हीटप्रमाणं रिजेक्शन दिसतंय काय?" मला प्रश्नच कळला नाही. भट्टीत एका वेळी वितळवलेलं लोखंड म्हणजे एक हीट. कास्टिंगच्या आतली पोकळी कित्येकदा मशीनवर घासल्यावरच उघडी पडते. तोवर माल गिऱ्हाइकाकडे पोचलेला असतो. मग तो नग कोणत्या हीटचा, तिच्यात काय काय घातलं होतं, बाकीचे नग कुठं गेले, हे शोधत मालक रात्र रात्र वह्या चाळत बसायचे. आणि मी त्यांना हजेरीपटाचे रंगीत आलेख दाखवत होतो. काम गेलं, ते रास्तच झालं.

तेव्हापासून माझं मत ठाम आहे. पहिल्या भेटीत दाखवायचं कमी, विचारायचं जास्त. 'आपल्या वह्या बघायला मिळतील का,' असं आधी फोन करून विचारावं. आणि त्या वह्या लिहिणारे जे कोणी कारकून असतील, त्यांनाही बैठकीला बसवण्याची विनंती करावी. कंप्युटर आला की आपली खुर्ची जाणार, ही धास्ती त्यांनाच असते. त्यांना वगळून केलेली माझी दोन सॉफ्टवेअरं धूळ खात पडली. कोणत्या गिऱ्हाइकाचा माल हमखास परत येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. वहीत ते सापडत नाही.

राहिला पैशाचा विषय. इथं आपली जीभ अडखळते. ओळख बहुधा पाहुण्यातून निघालेली असते. मग 'घरचंच काम आहे, बघू नंतर' असं होतं. अहो, सख्ख्या नात्यात सोयरीक जुळली तरी आपण याद्या करतोच की! हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, चारचौघांत कागदावर लिहितो, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग काम किती, दर किती, आगाऊ किती आणि नंतर सुचलेल्या बदलांचे पैसे वेगळे, एवढं एका कागदावर लिहायला लाज कसली? भिडेपोटी बुडालेल्या माझ्या पैशांचा हिशेब सौभाग्यवतींकडे तारखेनिशी आहे, म्हणून तो इथं देत नाही.

मुलानं निमूटपणे सगळं लिहून घेतलं. जाताना विचारलं, "काका, आकडा सांगताना आवाज कापला तर?" मी म्हटलं, "घरी दहा वेळा मोठ्यानं म्हणून बघ."

काल रात्री भिंतीपलीकडून त्याचा सराव ऐकू येत होता. दर खेपेला आकडा हजारानं खाली येत होता.