दोन हजारांचा ग्रंथपाल, पाच कोटींचे क्रीडा संकुल

मराठवाड्यातील ग्रंथालयांना १९५५ च्या हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने प्रथम शासकीय आधार मिळाला. १९६७ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळू लागले. जालना जिल्ह्यातील वाचनालयेही याच चौकटीत येतात.

२०२२ साली शासनाने अनुदान ६० टक्क्यांनी वाढविले. ड वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. वाढ स्वागतार्हच होती. पण हिशेब मांडून पाहावा. निम्मी रक्कम वेतनासाठी असते, म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २,००० रुपये! उरलेल्या निम्म्यात ग्रंथ, वर्तमानपत्रे, वीजबिल, जागेचे भाडे. एवढ्या वेतनावर रोज सायंकाळी दार उघडणारा माणूस मिळतो, तो केवळ त्याच्या भलेपणामुळे, असे आम्हाला वाटते.

त्याच वर्षी तालुका क्रीडा संकुलासाठीची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी झाली. आम्हाला मैदानांचा हेवा नाही. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारा विजय झोल जालन्याचाच. मात्र मंठा, परतूर, जाफराबादच्या मुलांना इमारतीसोबत प्रशिक्षक आणि राखणदारही हवा, आणि त्याच्या पगाराची तरतूद बांधकामाच्या निधीत नसते. वाचनालयाची अडचण तीच आहे.

ग्रामसभेत बांधकामाचा ठराव येईल तेव्हा आपल्या बंधुभगिनींनी एवढे अवश्य विचारावे : किल्ली कोणाकडे राहणार, आणि त्याला पगार कोठून देणार?